देवाघरला कुठली गाडी जाते?

गेल्या श्रावणात आमच्या आळीतल्या एक आजी वारल्या. त्यांच्या नातवाला नुकतंच सहावं लागलं होतं. घरात रडारड सुरू झाली तसं त्याला शेजारी नेऊन बसवलं, हातात मोबाइल दिला आणि संध्याकाळी सगळं उरकल्यावर परत आणलं. आजी कुठंय? तर देवाघरी गेली. हे उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला मिळतं. पण हा पोरगा कुर्डुवाडीचा, आजोबा, म्हणजे तात्या, रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. त्यानं तात्यांना विचारलं, ‘‘देवाघरला कुठली गाडी जाते?’’ ज्यांना वेळापत्रक तोंडपाठ ते तात्या गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘तिकडं गाडी जात न्हाई.’’ ‘‘मग आज्जी कशी गेली? आन् तिचे दात तर हितंच हायत.’’

कोनाड्यात स्टीलच्या वाटीत, पाण्यात, आजींची कवळी होती. घाईगर्दीत ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

लहान मुलांशी म्हातारपणाबद्दल आणि मरणाबद्दल बोलावं का, बोललं तर किती, कोणत्या शब्दांत आणि कुणी, या प्रश्नाचा आढावा घ्यायला बसलो तेव्हा ती वाटी डोळ्यांसमोरून हलेना. पोराच्या त्या दोन वाक्यांत या विषयावरचं जवळजवळ सगळं संशोधन येऊन गेलं आहे. गेलेलं माणूस परत येतं का, तिकडं जेवतं का, आणि जेवत असेल तर दातांशिवाय कसं?

आधी काय होतं

या चर्चेत एक वाक्य हमखास येतं. पूर्वी मरण घरात होतं, पोरं ते बघत मोठी व्हायची, आता आपण ते लपवतो. यातला पहिला भाग खरा आहे. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी प्लेग पाहिला, १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ पाहिली. आमच्या आजोबांच्या वेळी पाठचं किंवा पुढचं भावंड न गेलेलं घर शोधावं लागलं असतं. माणूस घरातच आजारी पडायचं, घरातच जायचं, ओसरीवरून निघायचं.

आता शेवटचे दिवस दवाखान्यात जातात. आमच्याकडून कॅन्सरचा पेशंट बार्शीला जातो, बाकीचे सोलापूरला किंवा पुण्याला. अतिदक्षता विभागात लहान मुलांना सोडत नाहीत. पोराच्या लेखी आजी एके दिवशी गाडीत बसून जाते आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी चादरीत गुंडाळून परत येते. मधलं काहीच त्याला दिसत नाही.

पण पूर्वी मुलांशी याबद्दल बोललंही जायचं, असं जे गृहीत धरतात ते मला पटत नाही. पाहणं होतं, बोलणं नव्हतं. ज्यांना विचारलं त्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसांना लहानपणची प्रेतं आठवतात, खांद्यावरची तिरडी आठवते, विझत आलेली शेणी आठवते. कुणी जवळ बसवून काही सांगितल्याचं एकालाही आठवत नाही. ‘‘आई दिसंना. मग मोठ्या बहिणीनं वेणी घालाय सुरवात केली, तवा कळलं,’’ असं एक बाई म्हणाल्या.

आमच्या गावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. १८९७ साली, इकडे प्लेग चालू असताना, बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी इथून बार्शीला धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. गाव त्या जंक्शनावर वाढलं. त्याच रुळांनी पोरांना पुण्या-मुंबईला नेलं, आणि आता नातवंडं आजी-आजोबांना दिवाळीत आणि मे महिन्यात भेटतात. म्हातारपण त्यांना सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी दिसतं. गेल्या खेपेला आजोबा फाटकापर्यंत आले होते, या खेपेला पायरीपर्यंत. मधली उतरण पोरानं पाहिलेली नसते.

शब्दांची अडचण

बालमानसशास्त्राच्या जवळपास सगळ्या मार्गदर्शिका एक सल्ला देतात: आडवळणाचे शब्द टाळा, साधा आणि नेमका शब्द वापरा. झोपली, दूर गेली, हरवली, गावाला गेली असं सांगू नका. झोपली म्हटलं तर मूल रात्री झोपायला घाबरतं, गावाला गेली म्हटलं तर वाट बघत बसतं. सल्ला रास्त आहे. मराठीत तो पाळायचा कसा, ही गोष्ट मात्र कुणी फारशी तपासलेली दिसत नाही.

आपल्याकडे साधा शब्द आहे ‘मेला’. तो आपण पाल, कोंबडी, शेळी यांच्यासाठी ठेवलाय, नाहीतर शिवी म्हणून. आजीला ‘मेली’ म्हणणाऱ्या पोराच्या तोंडात बसेल. माणसांसाठी वारले, गेले, देवाज्ञा झाली, कैलासवासी, वैकुंठवासी. लिंगायत घरात लिंगैक्य झाले म्हणतात, मुस्लिम घरात इंतकाल झाला. या शब्दांमागे आदर आहे, आणि प्रत्येकामागे एकेक श्रद्धाही आहे. पण पोराच्या बाजूनं पाहिलं तर घोटाळा होतो. पाल मेली म्हणजे काय ते त्याला ठाऊक असतं, कारण त्यानं ती काडीनं उलटीपालटी करून पाहिलेली असते. आजी वारली ही गोष्ट त्याला वेगळीच काहीतरी वाटते. दोन्ही एकच आहे, हे सांगायचं कुणाला सुचत नाही. माझ्या मते ‘वारली’ हा शब्द चांगला आहे, आदराचा आणि फारसा न झाकणारा. फक्त त्याचा अर्थ एकदा उघड करून सांगावा लागतो.

तसं आपली भाषाच शेवटाला बिचकते. दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. निघताना ‘जातो’ म्हटलं तर म्हातारी माणसं ‘येतो म्हण’ म्हणून टोकतात. अशा घरात वाढलेल्या आईबापांना ‘स्पष्ट बोला’ असं सांगणं सोपं, त्यांनी बोलणं अवघड. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मध्ये मेलेल्या बाळाला झोपलेलं समजते ती आईच असते. मरणाला झोप म्हणण्याची गरज पुष्कळदा मोठ्यांनाच असते, असं ही कविता वाचताना वाटत राहतं.

मुलांना काय कळतं

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास ऐंशीएक वर्षांचा आहे. सिल्व्हिया अँथनी यांचं मुलांच्या मृत्यूविषयक कल्पनांवरचं पुस्तक १९४० साली इंग्लंडात आलं. मारिया नॉज यांनी हंगेरीतल्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली छापून आला. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. पाचाच्या आतल्या मुलाला मरण ही झोप किंवा प्रवास वाटतो, त्यातून परत येता येतं. पाच ते नऊच्या दरम्यान मरण म्हणजे कुणीतरी, न्यायला येणारा. नऊनंतर कळतं की ते सर्वांना आहे आणि टळत नाही.

मधली पायरी पुढच्या अभ्यासकांना इतरत्र फारशी सापडली नाही, म्हणून ती बाजूला पडली. मला इथं थोडी शंका आहे. रेड्यावर बसलेला यम आपल्याकडे कॅलेंडरवर असतो, टीव्हीवरच्या मालिकेत असतो. तो मुलाच्या मनात आपोआप उगवतो की आपण नेऊन बसवतो, हे मराठी मुलांमध्ये नीट तपासण्यासारखं आहे.

१९८४ साली स्पीस आणि ब्रेंट या दोघांनी तोवरचं संशोधन एकत्र केलं. मृत्यूची समज एकसंध नसते, तिचे तुकडे असतात, असं त्यांनी मांडलं. मेलेलं परत येत नाही. मेलेल्याचं काहीच चालत नाही, श्वास नाही, भूक नाही. आणि जे जिवंत आहे ते सगळं कधी ना कधी मरतं. बहुतेक मुलांना हे तुकडे पाच ते सात या वयात कळू लागतात, सगळे एकदम नाहीत. आमच्या आळीतल्या पोराचं दातांचं कोडं दुसऱ्या तुकड्याचं होतं. आजी परत येणार नाही हे बहुधा त्यानं मान्य केलं होतं. ती तिकडं जेवणार नाही, हे अजून कळायचं होतं.

वय हेच सर्व काही नाही, हे अमेरिकेत मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी दाखवलं. रक्ताच्या कॅन्सरनं आजारी असलेल्या मुलांच्या वॉर्डात त्यांनी कित्येक महिने काढले. १९७८ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातली मुलं लहान होती, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि तरी आपण जाणार हे त्यांना माहीत होतं. औषधांवरून, शेजारच्या रिकाम्या झालेल्या खाटेवरून, आईच्या डोळ्यांवरून त्यांनी ते जुळवलं होतं. आईबापांना वाईट वाटू नये म्हणून ती माहीत नसल्यासारखं वागायची. आईबापही तसंच वागायचे.

तिसरा धागा पॉल हॅरिस यांच्या कामाचा. मार्टा हिमेनेझ यांच्याबरोबर त्यांनी माद्रिदमधल्या सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांच्या मृत्यूच्या दोन गोष्टी सांगितल्या, एकीत डॉक्टर बोलतात, दुसरीत धर्मगुरू. डॉक्टरांच्या गोष्टीनंतर मुलं म्हणाली की सगळं थांबतं. धर्मगुरूंच्या गोष्टीनंतर म्हणाली की काहीतरी उरतं, आणि अशी उत्तरं लहानांपेक्षा मोठ्या मुलांत जास्त होती. शरीर थांबतं हे कळल्यावर श्रद्धा मागे पडत नाही, दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात. २००५ सालचा हा निष्कर्ष आपल्या वादाला फार उपयोगी आहे, कारण आपल्याकडे ‘शास्त्र सांगा’ म्हणणारे आणि ‘देवाघरी सांगा’ म्हणणारे एकमेकांना शत्रू समजतात.

गोष्टींतलं मरण

घरात मरणाचा उच्चार न करणारे आपण गोष्टींमधून मात्र पोरांना मरणच मरण ऐकवतो. आमच्या टापूतल्याच गोष्टी बघा. तेरचे गोरोबाकाका नामात दंग होऊन चिखल तुडवतात आणि रांगतं पोर त्यात तुडवलं जातं. चांगुणा अतिथीसाठी चिलया बाळाला उखळात कांडते. सोलापुरात पद्मशाली समाजाचा मार्कंडेय, ज्याचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो, सोळाव्या वर्षी मरणार असतो. सत्यवान तर मरतोच. आणि हे सगळे परत येतात. बाळ कीर्तनातून हसत येतं, चिलया हाक मारल्यावर धावत येतो, यम मोकळ्या हातांनी जातो.

परत न येणारेही आहेत. श्रावणबाळ येत नाही. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, १३३८ साली. नामदेवांनी त्यांची हाडं ओळखली ती विठ्ठलनामाच्या आवाजावरून, आणि समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर बांधली. दर्शनाच्या रांगेत ही गोष्ट ऐकलेलं पोर हटकून विचारतं की हाडं बोलतात का. दोन्ही जातींच्या गोष्टी मुलाला मिळाव्यात, असं मला वाटतं. नुसत्या पहिल्या जातीच्या मिळाल्या तर खऱ्या आजीच्या वेळी पोर हाक मारून बघतं.

लिखित साहित्यात सगळ्यात मोठं नाव अर्थात ‘श्यामची आई’. १९३५ साली आलेलं हे पुस्तक बेचाळीस रात्रींचं, आणि आईच्या मरणाकडे ते पहिल्यापासून सरकत असतं. पिढ्यान्‌पिढ्या ते शाळकरी मुलांच्या हातात दिलं गेलं, रडू येतं म्हणूनच दिलं गेलं. त्यावर आक्षेपही आहे, की त्यातलं मरण इतकं उदात्त आहे की साध्या घरातल्या, चिडक्या, अंथरुणाला खिळलेल्या आजीशी त्याचा मेळ बसत नाही. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टींमध्ये वडिलांचं जाणं येतं ते वेगळ्या अंगानं, पोराच्या नजरेला जेवढं दिसतं तेवढंच. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेल्या ‘तोत्तोचान’मध्ये जत्रेतून आणलेली पिल्लं मरतात, मग यासुआकी हा वर्गमित्र जातो, आणि लेखिका त्यावर प्रवचन देत नाही. सिनेमात ‘श्वास’नं २००४ साली हाच प्रश्न मरणाऐवजी दृष्टी जाण्याच्या निमित्तानं विचारला होता: पोराला ऑपरेशनच्या आधी खरं सांगायचं का, आणि आजोबांनी ते कोणत्या तोंडानं सांगायचं? पंढरपुरात घडणाऱ्या ‘एलिझाबेथ एकादशी’त वडील गेलेले आहेत आणि त्यांनी बनवलेली सायकल तेवढी उरली आहे. बाप त्या सायकलीच्या रूपानं घरात आहे. मला हा चित्रपट या विषयावरचा म्हणून कुणी का पाहत नाही, कळत नाही.

बाजू

आता वाद कुठं आहे ते. ढोबळ मानानं तीन बाजू ऐकू येतात, आणि एकाच घरात तिन्ही असतात.

पहिली म्हणते, आत्ता नको. बालपण चार दिवसांचं, त्यात हे कशाला? आळीतल्या त्या पोराच्या आईचं म्हणणं असंच होतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘मीच अजून सासूबाईंच्या खोलीत गेले नाही. त्याला काय सांगू?’’ दुःखात बुडालेल्या माणसावर त्याच दिवशी समजावून सांगायचं काम टाकणं जाचक आहे. शिवाय हीच बाजू आठवण करून देते की मूल विचारतं तेवढंच सांगावं; चार वर्षांच्या पोराला शरीरशास्त्राचा तास नको असतो.

दुसरी म्हणते, लगेच, थोडक्यात आणि खरं. आजीचं शरीर खूप म्हातारं झालं होतं, हृदय थांबलं, ती आता परत येणार नाही, तिला दुखत नाही. अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार हूपर यांचं काम करणारे नट विल ली १९८२ साली वारले. निर्मात्यांनी दुसरा नट घेतला नाही, की हूपर गावाला गेले असंही दाखवलं नाही. १९८३च्या नोव्हेंबरमध्ये बिग बर्ड या पाखराला बाकीच्यांनी सांगितलं की ते वारले आणि येणार नाहीत. पाखरू विचारतं, पण असं का? मोठी माणसं म्हणतात, असंच असतं म्हणून.  या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा न सांगण्याच्या परिणामाचा आहे. लहान मूल कारण स्वतःत शोधतं. मी दंगा केला म्हणून, मी औषध द्यायला विसरलो म्हणून. खरं कारण सांगितलं नाही तर हे मनात बसून राहतं.

आकड्यांचा आधार शोधताना स्वीडनमधला २००४ सालचा एक अभ्यास वारंवार पुढे येतो. कॅन्सरनं मूल गमावलेल्या ४२९ आईबापांना विचारलं. जे १४७ जण मुलाशी मरणाबद्दल बोलले होते, त्यांतल्या एकालाही पस्तावा नव्हता. न बोललेल्या २५८ जणांपैकी ६९ जणांना होता. म्हणजे न बोललेल्यांपैकी बहुतेकांना पस्तावा नव्हता, हेही त्याच आकड्यांत आहे. पहिल्या बाजूची माणसं ते बरोबर बोट ठेवून दाखवतात. आणि तो प्रश्न जाणाऱ्या मुलाशी बोलण्याचा होता. आजी गेलेल्या नातवाला तो तसाच्या तसा लागू होत नाही.

तिसरी बाजू विधींची आणि श्रद्धेची. तिचं म्हणणं, बोलून कशाला समजावता, परंपरेनं रीत घालून दिलीय. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, अस्थी पंढरपूरला चंद्रभागेत सोडायच्या, दहाव्याला पिंड, कावळा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील आणि पुण्यानुमोदन. तिथं सगळं अनित्य आहे हे सरळच सांगितलं जातं. लिंगायतांत बसलेल्या स्थितीत समाधी देतात, भजन असतं. मुस्लिम वस्तीत जनाज्याला खांदा देताना माणसं बदलत राहतात, आणि मूठभर माती प्रत्येक जण टाकतो. मुलाच्या हाताला काहीतरी काम मिळतं, हे या बाजूचं बळ आहे. मेक्सिकोत ‘मृतांच्या दिवशी’ लहान पोरंही वेदी सजवतात, गेलेल्यांच्या आवडीचं खाणं मांडतात. आपल्या पितरपाटात ते आहेच, फक्त पोरांना वडे मिळतात आणि ते कुणासाठी केले हे सांगायचं राहून जातं.

पण विधी स्वतःहून अर्थ सांगत नाहीत. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की मोठी माणसं कासावीस होतात, ‘‘काय राहिलं असेल म्हातारीच्या मनात’’ म्हणत एकेक वचन देत सुटतात. ते पाहणारं पोर घरी येऊन पत्र्यावरच्या प्रत्येक कावळ्याला आज्जी म्हणतं. काही घरांत हे गोड मानतात, काहींना काळजी वाटते. दोन्हींत फार तथ्य नसावं. कावळ्यात आजी आहे आणि आजी नाही, असं दोन्ही एका वेळी मानण्याची ताकद सहा वर्षांच्या पोरात असते, माद्रिदच्या मुलांत होती तशीच.

मातीला न्यावं का

आमच्याकडे अंत्ययात्रेला ‘माती’ म्हणतात. मातीला लेकरं आणि गरोदर बाया जात नाहीत, ही जुनी रीत. आता पुण्याहून आलेला मुलगा म्हणतो, न्यायचंच, शेवटचं बघू दे. चुलते म्हणतात, खुळा झालास का. इतका टोकाचा मतभेद या विषयात दुसऱ्या कशावर होत नाही.

जाणकारांचं मत साधारण मधलं आहे. मुलाला आधी सांगावं की तिथं काय दिसेल, माणसं रडतील, आजी हलणार नाही, तिचं अंग गार लागेल पण तिला ते कळणार नाही. मग विचारावं, यायचंय का? एक मोठं माणूस, फारसं दुःखात नसलेलं, फक्त त्याच्यासाठी ठेवावं, आणि पोर म्हणेल तेव्हा त्यानं बाहेर घेऊन जावं. दफन आणि दहन यांत मात्र फरक करायला हवा. यावरचं बरंचसं लेखन दफनाच्या देशांत झालेलं आहे. कवटी फुटण्याच्या आवाजाचं काय करायचं, हे त्यात सापडत नाही. माझं मत विचाराल तर घरातलं शेवटचं दर्शन पोरानं जरूर घ्यावं, चितेपर्यंत नेण्याची घाई नको. राख सावडायला मात्र नेता येतं. तिथवर आग शांत झालेली असते आणि हाताला काम असतं.

म्हातारपण, जे राहूनच जातं

या सगळ्या साहित्यात म्हातारपणाला फार कमी जागा आहे, आणि अडचण खरी तिथं आहे असं मला वाटू लागलंय. मरणाबद्दल बोलणं मरणाच्या दिवशी सुरू होतं. त्याआधीची पाच-दहा वर्षं आजी मुलाच्या डोळ्यांसमोर थकत असते, विसरत असते, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. म्हटलं तर ‘‘आजीला त्रास देऊ नको’’ एवढंच.

२०११च्या जनगणनेत देशातले ८.६ टक्के लोक साठीपुढचे होते, महाराष्ट्रात दहाच्या आसपास. आता प्रमाण वाढलंच असणार. म्हणजे मुलाच्या आसपास म्हातारी माणसं पूर्वीपेक्षा जास्त आहेत. अमेरिकेतल्या बेका लेव्ही यांच्या अभ्यासाचं सांगणं असं की वार्धक्याबद्दल चांगली धारणा बाळगणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. आणि या धारणा लहानपणीच रुजू लागतात, असं त्या मानतात. कारण आणि परिणाम इतके सरळ असतील का, यावर मतभेद आहेत. तरी पोरांसमोर ‘म्हातारा चळला’ म्हणण्याआधी क्षणभर थांबावं, एवढं त्यातून घेता येईल.

विसरभोळेपणा हा सगळ्यात अवघड भाग. ज्या आजीला नातवाचं नाव आठवत नाही, ती जिवंत असूनच थोडी गेलेली असते, आणि मुलाला ते अपमानासारखं लागतं. ‘अस्तु’ या चित्रपटात संस्कृतचे गाढे पंडित स्मृतिभ्रंशानं लहान मूल होत जातात, ‘नटसम्राट’ या नाटकात आप्पांचं हसणं-खेळणं नातीबरोबर, ठमीबरोबर असतं. दोन्ही कलाकृती मोठ्यांसाठी आहेत. सात वर्षांच्या पोराच्या हातात देता येईल असं, विसरणाऱ्या आजीवरचं मराठी चित्रपुस्तक दुकानात शोधायला गेलो तर रिकाम्या हातानं आलो.

म्हातारपणाबद्दल हसतखेळत बोलता येतं, हे मात्र एसटीत कळतं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे. तात्या अठ्ठ्याहत्तरचे. नातवाला घेऊन माढ्याला निघाले तर पोराचं अर्धं तिकीट लागतं आणि तात्यांचं नाही. पोरानं भर गाडीत विचारलं, ‘‘तू म्हातारा झाला म्हणून फुकट? मंग मी कवा म्हातारा हुनार?’’ कंडक्टरसकट सगळी बस हसली. तात्यांनी बोटं मोजून सांगितलं, अजून एकोणसत्तर वर्षं. पोराला ते फार वाटलं.

जे सुटलेलं नाही

काही प्रश्नांवर अजून कुणाकडे धड उत्तर नाही. आत्महत्या हा त्यांतला पहिला. आमच्या भागात कर्जापायी गेलेल्या बापाच्या पोराला ‘हार्ट अटॅक’ सांगतात आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याला दुसऱ्याकडून खरं कळतं. खरं सांगावं यावर तज्ज्ञांचं साधारण एकमत आहे, कधी आणि किती यावर नाही.

दुसरा कोविडचा. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारनं २०२१ साली पाच लाखांची मुदत ठेव ठेवायचं ठरवलं. ते योग्यच झालं. पण या मुलांनी शेवटचं दर्शनही घेतलेलं नव्हतं. आई ॲम्ब्युलन्समध्ये बसली आणि परत आली ती फक्त कागदावर. त्यांना कुणी काय सांगितलं, कोणत्या वयाच्या मुलानं ते कसं घेतलं, याची नोंद एकत्र झाली पाहिजे होती. ती मुलं आता मोठी होत चालली आहेत.

तिसरा प्रश्न कुणी बोलायचं याचा. आईबाप, आजोबा, अंगणवाडीच्या सेविका, वर्गशिक्षक? पश्चिमेकडच्या शाळांत त्यासाठी समुपदेशक असतो. आमच्या इथल्या एका बाईंच्या वर्गात एका पोराची आई वारली. तो परत आला त्या दिवशी बाईंनी धडा बदलला, कारण धड्यात आई होती. चूक की बरोबर? त्या स्वतः अजून ठरवू शकलेल्या नाहीत.

आणि कवळीचं काय झालं, तेही सांगायला हवं. अस्थी सोडायला पंढरपूरला निघताना कुणीतरी म्हणालं, हेही नदीत टाकू. तात्या नको म्हणाले. वाटी तिथंच राहिली. दोन महिन्यांनी नातवाचा पुढचा दात हलायला लागला आणि एके दिवशी भाकरी खाताना पडला. पोर रडत तात्यांकडे आलं. त्याला वाटलं होतं, आता आपलंही तसंच होणार. तात्यांनी आधी त्याचा दात तळहातावर घेतला, मग स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. वर दोन, खाली चार. ‘‘तुझा ह्यो परत येतो,’’ ते म्हणाले, ‘‘माझं न्हाई येत. आज्जीचं पण आलं नव्हतं.’’ पोरानं वाटीकडे पाहिलं, मग तात्यांच्या तोंडाकडे, आणि विचारलं, ‘‘मंग हे सहा पडल्यावर?’’

‘‘पडल्यावर बघू. अजून हायत की.’’

मग दोघं अंगणात गेले आणि पोरानं दात पत्र्यावर फेकला. पहिल्यांदा तो घरंगळत खाली आला. दुसऱ्यांदा तात्यांनी त्याला कडेवर घेतलं, तेव्हा वर राहिला.